घोड्याच्या डोळ्याची सोनोग्राफी

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. तिथे चाल, खूर, दात, अंगावरचे भोवरेसुद्धा बारकाईने पाहिले जातात. डोळ्यांची परीक्षा मात्र बहुतेकदा समोर हात हलवण्यावर उरकते. पापणी मिटली म्हणजे जनावराला दिसते, असा हिशेब. हाताच्या वाऱ्यानेही पापणी मिटू शकते, हे सौद्याच्या घाईत कोण पाहतो?

घोड्यांना आंधळे करणारे जगभरातले सर्वांत मोठे कारण म्हणजे डोळ्याच्या आतल्या भागाला वारंवार येणारी सूज. चंद्राच्या कलांशी संबंध जोडून तिला पूर्वी ‘चंद्रांधत्व’ म्हणत. डोळा लाल होतो, पाणी गळते, काही दिवसांत सारे शांत होते. मालकाला वाटते, बरे झाले. प्रत्यक्षात प्रत्येक झटका आत काहीतरी बिघडवून जातो. अनेक घोड्यांत या आजाराचे मूळ लेप्टोस्पायराच्या संसर्गात सापडते. पावसाळ्यात मुंबईकरांना धास्ती असते, तोच हा जंतू. संसर्गानंतर डोळ्याचा त्रास सुरू व्हायला काही महिने, कधी वर्षेही जातात.

पुढे मोतीबिंदू झाला किंवा बुबुळावर फूल पडले, की डॉक्टरांच्या बॅटरीचा उजेड आत पोहोचत नाही. ध्वनिलहरींना मात्र पारदर्शक वाट लागत नाही. घोड्याला गुंगीचे इंजेक्शन देऊन, पापणीची हालचाल थांबवून, मिटल्या पापणीवर जेल लावून प्रोब टेकवला जातो. डोळ्यातले द्रव पडद्यावर काळे दिसतात, भिंगाच्या कडा चमकदार कमानींसारख्या. मागचा दृष्टिपटल सुटला असेल, तर पक्ष्याने पंख पसरावेत तशी आकृती उमटते. तसे दिसल्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करणे म्हणजे पैसा आणि जनावराचे हाल, दोन्ही वाया. डोळा फुटल्याची शंका असेल, तर प्रोबचा किंचित दाबही महागात पडतो.

यंत्राची अडचण वाटते तेवढी नाही. घोडीचा गाभ तपासायला पशुवैद्य जो प्रोब वापरतात, त्यानेही डोळ्याचे कामचलाऊ चित्र मिळते. खरी कमतरता आहे ती चित्र वाचण्याच्या सरावाची. शिवाय सोनोग्राफी डोळ्याची रचना दाखवते, नजर मोजत नाही. त्यासाठी दृष्टिपटलाचे विद्युत संकेत तपासावे लागतात.

माथेरानच्या वाटांवर पर्यटकाला पाठीवर घेऊन चालणाऱ्या घोड्याचा एक डोळा निकामी असेल, तर त्या बाजूची दरी त्याला दिसत नाही. पाठीवर बसलेल्याला ते कळायला मार्ग नसतो.