जुन्या मोटारीचें जतन कीं समाधि?

जुन्या वस्तूंवर प्रेम करणाऱ्या लोकांत अलीकडे एक नवा पंथ निघाला आहे. त्याचें पहिलें सूत्र असें कीं, वस्तु खरोखर मोलाची असेल तर ती वापरूं नये. आमचें या पंथाशीं वैर आहे. तें जाहीर करण्यास एक मोटार निमित्त झाली, आणि तिचा मालक आमचा सख्खा भाचा असल्यामुळें हा वाद मुळांत घरांतलाच. पण पंथाचे अनुयायी आमच्या घरापुरते नाहींत, म्हणून तो चारचौघांत मांडण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. इंग्रजीच्या प्रोफेसरानें मोटारीवर लिहावें याचें ज्यांस नवल वाटेल त्यांनीं एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं, सारें आयुष्य आम्ही जुनीं पुस्तकें शिकविण्यांत घालविलें आहे. जुन्या वस्तूचें करावें काय, हा प्रश्न आमच्या पोटापाण्याचाच आहे.

भाचा कॅलिफोर्नियांत इंजिनियर आहे. त्याच्याजवळ १९७१ सालची डॅट्सन २४०झेड आहे. निसान कंपनीनें ही गाडी १९६९ च्या ऑक्टोबरांत जपानांत ‘फेअरलेडी झेड’ या नांवानें पुढें आणली व पुढच्या वर्षीं अमेरिकेंत विकावयास ठेवली. लांब नाक, मागें उतरत गेलेलें छप्पर, दोनच माणसांची जागा, आणि त्या नाकाखालीं एका ओळींत सहा सिलिंडरांचें २,३९३ घन सेंटिमीटरांचें इंजिन. ‘फेअरलेडी’ हें नांव अमेरिकन गिऱ्हाइकास रुचणार नाहीं असें तेथील शाखेचे प्रमुख युताका कातायामा यांना वाटलें. त्यांनीं तें काढून नुसता आंकडा आणि अक्षर ठेवलें. किंमत ३,५२६ डॉलर. इतक्या डौलाची युरोपियन गाडी घ्यावयाची तर याहून पुष्कळ अधिक पैसे मोजावे लागत. म्हणजे ही गाडी संस्थानिकांच्या पागेंत उभी राहण्यासाठीं जन्मलीच नव्हती. पगारी माणसानें सोमवारीं कचेरींत न्यावी आणि रविवारीं डोंगरांतल्या वळणांवर पळवावी, अशी ती होती. पूर्व आफ्रिकेंतली सफारी रॅली, जिच्यांत खडी, चिखल आणि नद्यांचे उतार हेच रस्ते, ती या गाडीनें १९७१ सालीं जिंकली व १९७३ सालीं पुन्हा जिंकली. दुसऱ्या खेपेस चाकावर होते शेखर मेहता, युगांडांत जन्मलेले हिंदी वंशाचे गृहस्थ. आणि जानेवारी २०२० मध्यें १९७१ सालचीच एक २४०झेड लिलांवांत ३,१०,००० डॉलरांस गेली. भाच्याच्या डोक्यांत वारें शिरलें तें तेव्हांपासून.

त्याआधींचा भाचा निराळा होता. २०१७ च्या उन्हाळ्यांत आम्ही दोन महिने त्याच्याकडे राहिलों, तेव्हां गाडी गॅरेजांत चार लोखंडी घोड्यांवर बसली होती. इंजिन एका कोपऱ्यांत, दारें दुसऱ्यांत, आणि सारे स्क्रू नांवें लिहिलेल्या पिशव्यांत. या गाडीचा हाडवैरी गंज. तिचा पत्रा पातळ, आणि गंजापासून तो राखण्याची तजवीज त्या काळीं जवळजवळ नव्हतीच. बॅटरीच्या तबकाखालीं आम्ल गळून पत्रा खाल्ला जातो. पुढच्या मडगार्डांमागें चिखल सांठतो. समोरच्या कांचेखालच्या पोकळींत पाणी मुरतें. पायांखालचा तळ आणि त्याच्या लोखंडी पट्ट्या आंतल्या आंत कुजतात. वरून मात्र सारें ठाकठीक, कारण कोणा पूर्वींच्या मालकानें भोकांवर लांबी भरून रंग फांसलेला असतो. भाच्यानें स्क्रूड्रायव्हरचें टोंक मडगार्डामागें दाबलें तें बोटभर आंत गेलें. दुसऱ्या कोणी गाडी परत केली असती. यानें त्या रात्रीं वेल्डिंगचीं पुस्तकें काढलीं. लहानपणीं सायकलची उतरलेली साखळीहि हा मुलगा दुसऱ्याकडून बसवून घेत असे, हें आम्हांस ठाऊक आहे. म्हणूनच कुजका पत्रा कापणें, नवा तुकडा बेतणें, सांधणें, घासणें, आणि नीट न बसल्यास तोच पुन्हा कापणें, हें जेव्हां तो संध्याकाळमागून संध्याकाळ करतांना आम्हीं पाहिलें, तेव्हां आम्हांस त्याच्याविषयीं जो आदर वाटला तो त्याच्या पगारानें कधींच वाटला नव्हता.

त्या दोन महिन्यांत आमच्याकडे विजेरी धरण्याचें काम असे. पण एके दिवशीं आम्हांस बढती मिळाली. या इंजिनास दोन कार्ब्युरेटर असतात. एकेक तीन-तीन सिलिंडरांस पेट्रोल व हवा पुरवितो, आणि दोघांनीं हवा सारखीच ओढली नाहीं तर इंजिन लंगडतें. हें मोजण्याचें यंत्र मिळतें. भाच्यानें मात्र इंजिन तात्पुरतें चौकटीवर बसवून सुरू केलें, रबरी नळीचें एक टोंक कार्ब्युरेटरच्या तोंडाशीं धरलें आणि दुसरें आमच्या हातीं देऊन म्हणाला, “मामा, कान लावा. दोन्हीकडचा ‘सूं’ एकसारखा झाला पाहिजे.” आम्ही कान लावला. तो स्क्रू किंचित् फिरवी, आम्ही मान हलवूं; पुन्हा फिरवी, पुन्हा ऐकूं. मिरजेच्या कारागिराकडे तंबोऱ्याची जवारी लावून घेतांना जें अवधान लागतें तेंच हें. त्याचप्रमाणें व्हॉल्व्हांच्या फटी. इंजिन गरम असतांना हवा आंत घेणाऱ्या व्हॉल्व्हास ०.२५ मिलिमीटर आणि धूर सोडणाऱ्यास ०.३० मिलिमीटर एवढी फट राखावयाची, आणि ती चालवून चालवून बदलते म्हणून पुनः पुन्हा तपासावयाची. हा छंद कशांत आहे तें आम्हांस त्या गॅरेजांत समजलें. जीर्णोद्धार एकदां होतो, निगा रोजची. पहिल्यास पैसा लागतो आणि तो पुरेसा असल्यास दुसऱ्याकडूनहि करवितां येतो. खुद्द निसाननें १९९७ च्या सुमारास अमेरिकेंत जुन्या २४०झेड विकत घेऊन, मुळापासून नव्या करून, सुमारें २५,००० डॉलरांस विकल्या होत्या. पण निगा विकत मिळत नाहीं.

२०२३ सालीं रंग चढला. २०२४ च्या दिवाळीनंतर आम्ही पुन्हा गेलों तों गाडी मऊ करड्या खोळीखालीं झांकलेली. चौदा महिने ती रस्त्यावर आली नव्हती. मध्यंतरीं एका जाणत्या माणसाकडून तिचें मूल्यमापन करवून तेवढ्या रकमेचा विमा उतरविला होता. आम्ही म्हटलें, चल, समुद्रापर्यंत जाऊन येऊं. भाचा म्हणाला, “खडा उडाला तर रंग टवकेल, मामा. आतां ती गाडी नाहीं, ठेव आहे.”

याच शब्दाशीं आमचें भांडण आहे. ठेवीस व्याज येतें. उभ्या मोटारीस काय येतें तें पाहा. कार्ब्युरेटरच्या वाटींत राहिलेलें पेट्रोल उडून जातें व मागें डिंकासारखा थर राहून बारीक छिद्रें बुजतात. अलीकडच्या पेट्रोलांत मिसळलेला अल्कोहोल पाणी ओढतो आणि जुन्या रबराच्या नळ्या खातो. टाकी अर्धी रिकामी असेल तर आंतल्या दमट हवेनें तिला आंतून गंज चढतो. ब्रेकचें तेल हवेंतली ओल शोषून घेतें. त्या ओलीनें चाकाजवळचे सिलिंडर आंतून खवटतात व त्यांतलीं रबरी पात्रें चिकटून बसतात. टायर एकाच जागीं दबून चपटतात. तेलांत भिजून राहणारीं सिलें कोरडीं पडून आक्रसतात, आणि मग पहिल्याच फेरींत गळूं लागतात. ज्या गंजाशीं भाच्यानें सहा वर्षें झुंज घेतली, त्यालाच आतां त्यानें खोळ घालून, दार लावून, निवांत जागा करून दिली! चालत्या गाडीचे दोष आवाजानें, वासानें, पायाखालच्या पॅडलानें कळतात. उभ्या गाडीचे दोष कळत नाहींत, एवढाच तिच्या निर्दोषपणाचा अर्थ.

लिलांवांत गेलेली ती ३,१०,००० डॉलरांची गाडी फारशी न चाललेली होती, हें भाचा पुढें करतो. खरें आहे. बाजार न चाललेल्या गाडीस अधिक पैसे देतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण या मोटारीचें नांव झालें तें कोणामुळें? दीड लाखांच्या घरांत अमेरिकन गिऱ्हाइकांनीं ती घेऊन रोज दामटली, आणि आफ्रिकेच्या चिखलांतून ती पहिली आली, म्हणून. चिखलांत मिळविलेली कीर्ति चिखल न लागलेल्या गाडीच्या खातीं जमा करणें, हा जमाखर्च सावकारास शोभेल; ज्यानें स्वतःच्या हातानें पत्रा सांधला त्यास शोभत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुन्या गाडीचे भाग मोजके. प्रत्येक मैलास ते झिजतात. तेव्हां चालविणें म्हणजे पुढच्या पिढीचें भांडवल खाणें. हा युक्तिवाद ऐकतांना पटतो. परंतु जपानांत काय घडलें? २०१७ सालीं माझ्दा कंपनीनें आपल्या पहिल्या, म्हणजे १९८९ पासूनच्या, रोडस्टरचा जीर्णोद्धार स्वतः करून देण्याचें काम अंगावर घेतलें, व तिच्यासाठीं छताचें कापड, लांकडी चाक, इतकेंच नव्हे तर जुन्या नमुन्याचे टायरहि पुन्हा करविले. त्याच वर्षीं निसाननें स्कायलाइन जीटी-आर आर३२ चे भाग पुन्हा पुरविण्यास सुरुवात केली. २०२० सालीं टोयोटानें आपल्या २०००जीटीचे भाग पुन्हा काढले. ही २०००जीटी १९६७ ते १९७० या काळांत साडेतीनशेंच्या आसपासच झाली. तिच्याहून दुर्मिळ जपानी गाडी शोधण्यास श्रम पडतील. आणि टोयोटानें निवडले कोणते भाग? गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांचे. जे भाग चालविल्यावांचून झिजतच नाहींत ते! झांकून ठेवलेल्या गाडीस गिअरचें नवें चाक कधींच लागत नाहीं, म्हणून तिच्यासाठीं कोणी तें करणारहि नाहीं. साऱ्यांनींच भाच्यासारखें केलें तर जुने भाग करणारा कारागीर, ते मागविणारा दुकानदार, कार्ब्युरेटर ऐकून जुळविणारा मिस्त्री, हे सारे एका पिढींत उठून जातील, आणि मग खोळीखालचीं तीं सुंदर चित्रें हलविण्यास कोणी उरणार नाहीं.

कोणी म्हणेल, जपानी लोक तर जुनें सारें टाकून नवेंच करतात. इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनीं ते पुन्हा बांधतात, २०१३ सालीं बासष्टाव्यांदा बांधलें. हें उदाहरण आमच्याच बाजूचें आहे. वीस वर्षें एवढ्यासाठींच पुरेशीं थोडीं कीं, ज्या सुतारानें मागल्या वेळीं हत्यार धरलें तो पुढच्या वेळीं शिकविण्यास हयात असतो. आपल्याकडे वेद टिकले तेहि पेटींत नव्हे, तोंडांत. पहाटे उठून घोकले म्हणून. मोटारीच्या बाबतींतहि जपान्यांची दृष्टि हीच दिसते. तेथें तेरा वर्षांवरील पेट्रोलच्या गाडीवर वार्षिक कर सुमारें १५ टक्के अधिक बसतो. सरकारची मर्जी त्या मोडींत जाव्या अशीच आहे. तरीहि निसानच्याच नोकरांनीं २००६ सालीं आपल्या हौसेनें एक मंडळ काढलें, आणि २०१३ सालीं १९७१ च्या सफारींत जिंकलेली ती २४०झेड पुन्हा धावती केली.

संग्रहालयास आमचा विरोध नाहीं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांतलीं वाद्यें आम्हीं अनेकदां आवडीनें पाहिलीं आहेत. पण एक तंबोरा कांचेमागें असावा म्हणून घरोघरच्या तंबोऱ्यांच्या तारा उतरवाव्या काय? धुराचा आक्षेप येतो तोहि आम्हांस मान्य. अशी गाडी वर्षांतून थोडीच चालवावी, आणि तिला ना हवेच्या पिशव्या ना आजचे ब्रेक, हें ओळखून बेतानें चालवावी. मूळचें इंजिन काढून तेथें दांडगें अमेरिकन इंजिन बसविणाऱ्यांशीं आमचा वाद निराळा आहे. निदान ते गाडी चालवितात तरी.

हा पंथ परदेशींच आहे असें मात्र वाचकांनीं समजूं नये. जुलै २०२१ मध्यें आपल्या केंद्र सरकारनें पन्नास वर्षांवरील दुचाकी व चारचाकी वाहनांसाठीं ‘व्हीए’ या अक्षरांची वेगळी नोंदणी सुरू केली. जुन्या वाहनांस कायद्यांत स्थान मिळालें, हें चांगलेंच झालें. पण या वर्गांतली गाडी नित्याच्या अथवा धंद्याच्या कामासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची रॅली, पेट्रोल भरणें आणि दुरुस्ती, एवढ्यासाठींच आणावी असा नियम आहे. शेवटच्या दोन शब्दांबद्दल आम्ही नियमकर्त्यांचे आभारी आहों. कार्ब्युरेटर नीट लागला कीं नाहीं हें दहा-पंधरा मैल गेल्यावांचून समजत नाहीं, आणि जुनें इंजिन पेट्रोल फार पितें, हें मालकांनीं ध्यानांत ठेवावें.

गेल्या महिन्यांत भाच्याचा फोन आला. कोणी गृहस्थ गाडी पाहावयास येणार होते, म्हणून यानें खोळ काढली, इंजिन मोठ्या कष्टानें चालू झालें, आणि ब्रेकवर पाय ठेवतांच पॅडल थेट तळाला गेलें. मागच्या डाव्या चाकाखालीं तेलाचें थारोळें. सिलिंडर फुटला होता. गृहस्थ आले तसे गेले. आम्हीं विचारलें, मग आतां? तो म्हणाला, “भाग मागविले आहेत. रविवारीं उघडतों.” जोडल्यावर पाहणार कशी, असें आम्हीं विचारलें, तेव्हां क्षणभर थांबून तो म्हणाला, “डोंगरापर्यंत तरी न्यावीच लागेल, मामा. उतारावर ब्रेक दाबून पाहिल्याशिवाय कळायचें नाहीं.”