नळ आला, पाण्याचे काय?

पावसाळ्याच्या पहिल्या सरींबरोबर गॅस्ट्रो आणि कावीळ यांच्या बातम्या येऊ लागतात आणि गणपती येईपर्यंत त्या विसरल्याही जातात. जणू या साथी म्हणजे ऋतुमानाचाच एक भाग! परंतु जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात 'गुलेन बॅरे' या मज्जासंस्थेच्या विकाराचा उद्रेक झाला, तेव्हा पावसाळा नव्हता. धडधाकट माणसांचे हातपाय लुळे पडले. काहींना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागले. रुग्णांच्या तपासणीत दूषित अन्नपाण्यातून पसरणारे जंतू आढळले आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. त्यापूर्वी २०१२ साली इचलकरंजीने काविळीची भीषण साथ अनुभवली होती. प्रत्येक वेळी धावपळ झाली, टाक्या धुतल्या गेल्या, आणि साथ ओसरताच सारे पूर्ववत् झाले.

साथ निदान डोळ्यांना दिसते. त्याहून वाईट ते विष, जे वर्षानुवर्षे घोटाघोटाने पोटात जाते. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. ते लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या आत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. मर्यादा ओलांडली की मुलांचे दात डागाळतात आणि पुढे हाडेच वाकू लागतात. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या गावांना पिढ्यान्‌पिढ्या खारे पाणी प्यावे लागले. रासायनिक खतांच्या अतिवापराने विहिरींत उतरणारे नायट्रेट तान्ह्या बालकांना घातक ठरते. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पाणी उकळून प्या, हा आजीचा सल्ला जंतूंपुरता खरा. फ्लोराइड आणि नायट्रेट उकळून जात नाहीत, उलट पाणी आटल्याने त्यांची तीव्रता वाढते.

मग कायदे नाहीत काय? आहेत, आणि भरपूर आहेत. जलप्रदूषण रोखण्याचा कायदा महाराष्ट्राने १९६९ मध्ये, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या कायद्यापूर्वीच केला. गावोगावच्या पाणीस्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे, हिरवे कार्ड देण्याची पद्धतही आपल्याकडे आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी घरपोच देण्याचा संकल्प केला आणि गावातील पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण द्यावे असेही ठरविले. उणीव आहे ती हिशेबाच्या पद्धतीत. जोडलेल्या नळांची संख्या मोजणे सोपे, उद्घाटनाला सोयीचे. त्या नळातून दहा वर्षांनी काय येते हे मोजण्यात कोणालाच रस नाही.

जलवाहिनीसाठी कोट्यवधी मिळतात आणि विरंजक चूर्णासाठी हात आखडतो. साठवून ठेवलेल्या चूर्णातील क्लोरीन उडून जातो. मग ते टाकीत टाकणे हा केवळ उपचार उरतो. ग्राहकाच्या नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, हा साधा दंडक. पण पाणी दिवसातून तासभरच सुटते, उरलेला वेळ वाहिनी रिकामी राहते, आणि फुटक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचे पाणी आत शोषले जाते. शुद्धीकरण केंद्रात निर्मळ असलेले पाणी घरी येईपर्यंत गढूळ होते ते असे.

अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मला याहून अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. सार्वजनिक पाण्यावरचा विश्वास उडाला की ज्याच्या खिशात पैसे आहेत तो आपली वेगळी सोय करतो. घरी यंत्र बसते, कार्यालयात वीस लिटरचा जार येतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात जारचे पैसेही भर घालतात आणि काविळीच्या औषधाचेही! परंतु तक्रार करू शकणारा, अर्ज लिहू शकणारा वर्ग अशा रीतीने बाजूला झाला की व्यवस्थेवरचा दबाव संपतो. मागे राहतो तो मजूर, ज्याचा एक आजार महिन्याची मजुरी खातो. आमच्या महाविद्यालयात प्राध्यापक-कक्षात शुद्धीकरण यंत्र आहे. विद्यार्थी जिन्याखालच्या टाकीचे पाणी पितात. ती टाकी शेवटची केव्हा धुतली, हे मीही गेल्या महिन्यापर्यंत कधी विचारले नव्हते.

उपाय फार खर्चाचा नाही. प्रत्येक पाणीस्रोताच्या तपासणीचा अहवाल, तारीख व आकड्यांसह, ग्रामपंचायतीच्या आणि प्रभाग कार्यालयाच्या फलकावर मराठीत लागला पाहिजे. ग्रामसभेत तो वाचला गेला पाहिजे. योजनेच्या अंदाजपत्रकात देखभालीची तरतूद बांधकामाइतकीच बंधनकारक हवी. आणि आपणही पाणीपट्टी वेळेवर भरून त्या पैशाचा हिशेब मागितला पाहिजे.

महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले, ते सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा सारखा हक्क आहे हे प्रस्थापित करण्यासाठी. आज आपण पैशाच्या बळावर पाण्याची पुन्हा वाटणी करीत आहोत. शिक्षकांनी शाळेच्या, कारकुनांनी कचेरीच्या आणि विद्यार्थ्यांनी वसतिगृहाच्या टाकीपासून चौकशीला आरंभ केला, तरी ही वाटणी थोडीफार थांबेल.