मुका झालेला कॉल कोण मोजणार?



‘टॉवर वाढवा, प्रश्न सुटेल’ हे गेल्या अंकातील पत्र वाचले. टॉवर हवेतच, पण आधी मोजमाप सुधारायला हवे. कॉल तुटण्याचे प्रमाण २ टक्क्यांच्या आत असावे, असा दूरसंचार नियामक ‘ट्राय’चा दंडक आहे. मात्र वर्षानुवर्षे त्याचा हिशेब अख्ख्या दूरसंचार सर्कलचा होत आला. मुंबईचे सर्कल वेगळे; महाराष्ट्र सर्कलमध्ये उरलेला सारा महाराष्ट्र आणि गोवाही येतो. एवढ्या मोठ्या हिशेबात पुण्याच्या जोरावर सह्याद्रीतली वाडी सहज झाकली जाते. ‘ट्राय’च्या २०२४च्या नियमांनी तिमाहीऐवजी दरमहा हिशेब आणि कव्हरेजचे नकाशे बंधनकारक केले, हे स्वागतार्हच.

पण आमच्या घाटात कॉल तुटतच नाही, मुका होतो. स्क्रीनवर सेकंद पुढे सरकत असतात, समोरचा आवाज मात्र गायब. ‘हॅलो, हॅलो’ करून शेवटी आपणच फोन ठेवतो आणि नोंदीत तो कॉल रीतसर संपलेला दिसतो. घरात बाळंतीण अडली असताना रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन लावणाऱ्याचे असे झाले, तर त्याने दाद कुठे मागायची? असे कॉलही मोजा आणि तालुकावार आकडे दरमहा मराठीत जाहीर करा.

– एक वाचक, चिपळूण