बुडालेल्या जहाजापर्यंत जायचं तर

मंडळी, आपल्या डोईफोडियाहून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. आपलं पाणी म्हणजे तापी, तलाव आणि केळीच्या मळ्यातली विहीर. तरीसुद्धा गेल्या दिवाळीत गावी आलो, तेव्हा पोरांनी मला नोकरीपेक्षा जास्त प्रश्न विचारले ते बुडालेल्या जहाजांबद्दल. याला कारण 'आयएनएस गुलदार'. सैनिक आणि रणगाडे किनाऱ्यावर उतरवणारी ही नौका 1985 मध्ये आपल्या नौदलात आली आणि जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झाली. पुढच्या वर्षी ती महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे आली. सिंधुदुर्गात निवतीजवळच्या समुद्रात ती तळाशी ठेवायची आणि तिचं पाण्याखालचं संग्रहालय करायचं, अशी योजना आहे. बातमी वाचून आपल्या घरोघरच्या मुलांच्या अंगात वारं शिरलं नसतं तरच नवल.

माझा चुलतभाऊ त्यातलाच. पुण्यात नोकरी लागून दोन वर्षं झालीत. तारकर्लीला प्रशिक्षकाचा हात धरून एकदा अर्धा तास पाण्याखाली जाऊन आलाय. त्याचा प्रश्न सरळ होता, "दादा, खोल समुद्रातली जहाजं बघायची तर किती दिवसांचा कोर्स असतो?" काकू तिथेच भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "आणि परत यायचा किती दिवसांचा असतो?"

काकूला वाटलं, ती टोमणा मारतेय. पण मी सहा वर्षं डायव्हिंग करतोय, आणि मला वाटतं की या सगळ्या विद्येचा सार तिच्या प्रश्नात आहे. खाली जायला फारसं काही लागत नाही, वजन बांधलं की दगडसुद्धा जातो. शिकायचं असतं ते परत येणं.

आधी खोली म्हणजे काय ते आपल्या भाषेत बघू. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा तुम्ही पाहिला असेल. त्याच्या कुंडीत आपण साधारण 80 फूट, म्हणजे सुमारे 24 मीटर खाली उतरतो. तिथे कोरड्यात उभं राहून काही वाटत नाही. पण तेवढंच खोल पाण्यात गेलात, तर अंगावरचा दाब जमिनीवरच्या जवळजवळ साडेतीनपट होतो. दर 10 मीटरला हवेच्या एका थराइतका दाब वाढतो, एवढं लक्षात ठेवलं की पुढचा हिशोब पाचवीतला पोरगाही करू शकेल.

तो हिशोब करूनच बघा. आपल्याकडे वापरतात त्या टाकीत साधारण 2200 लिटर हवा मावते. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर घेतो असं धरा, म्हणजे टाकी 110 मिनिटं पुरेल. 30 मीटरवर दाब चौपट, म्हणून तीच टाकी 27 मिनिटांत संपते. घाबरलात आणि श्वास दुप्पट झाला, तर 14 मिनिटांत. आता जहाजाच्या आत शिरायचं असेल तर तिथे एक जुना नियम आहे, तो गुहांमध्ये डायव्हिंग करणाऱ्यांकडून आला. हवेचा एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि उरलेला अडचणीसाठी. या नियमाने 30 मीटरवर तुम्हाला पुढे जायला मिळतात जेमतेम 9 मिनिटं, आणि वरून खाली उतरताना लागलेली हवा त्यातूनच जाते. चुलतभावाला हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला.

हवेचा हिशोब जमला तरी दुसरी गोष्ट राहते, ती रक्तातल्या नायट्रोजनची. दाबाखाली श्वास घेतला की नायट्रोजन शरीरात विरघळतो. सोड्याच्या बाटलीचं झाकण झटकन उघडलं की फेस येतो, तसं घाईने वर आलं की त्याचे बुडबुडे होतात. सांधे, मणका, मेंदू, कुठेही. 1908 मध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने बकऱ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टकं बनवली. आजची मनगटावरची संगणकं त्याच वाटेने पुढे आली आहेत. पॅडी या संस्थेच्या कोष्टकात 18 मीटरवर 56 मिनिटं थांबता येतं, 30 मीटरवर 20 मिनिटं आणि 40 मीटरवर फक्त 9. त्यापुढे थांबलात की डोक्यावर न दिसणारं छत तयार होतं. काहीही बिघडलं तरी सरळ वर यायची मुभा उरत नाही.

तिसरी गोष्ट नशेची. साधारण 30 मीटरच्या पुढे नायट्रोजन डोक्यावर चढायला लागतो. माणूस उगाच खूश होतो, नाहीतर उगाच घाबरतो, आणि घड्याळाकडे बघूनही त्याला वेळ कळत नाही. सवयीने ही नशा जात नाही. फक्त ती चढली आहे हे ओळखायला आणि त्या वेळी साधंच काम करायला शिकता येतं. म्हणून जे खोलवर करायचं ते आधी उथळ पाण्यात इतक्या वेळा करायचं, की डोकं चाललं नाही तरी हात चालला पाहिजे.

आपल्या विहिरीत पोहायला शिकवायचे ती रीत आठवा. आधी पाठीला पत्र्याचा डबा. मग डबा सोडून काठाकाठाने. मग विहिरीची एक फेरी. मग उडी, आणि सगळ्यात शेवटी बुडी मारून तळाचा गाळ मुठीत आणायचा. कुणी आजोबांना विचारलं नाही की हे किती दिवसांत होतं. पोराचा श्वास बघून ते ठरवायचे. आजच्या कोर्सची शिडीही तशीच आहे. 'ओपन वॉटर' झालं की 18 मीटर, 'ॲडव्हान्स्ड'ला 30 आणि खोलीचा वेगळा कोर्स केला की 40. हौशी डायव्हिंगची हद्द तिथे संपते. एवढे कोर्स सुट्ट्या जोडून महिन्याभरात होऊही शकतात. कार्ड हातात येतं, पण आजोबांचं ते बघणं कार्डाबरोबर येत नाही. ते आपलं आपल्यालाच करावं लागतं.

मग मधल्या काळात करायचं काय? माझं उत्तर आहे, कंटाळा येईपर्यंत साध्या गोष्टी. पाण्यात काहीही न धरता एका जागी तरंगत राहणं. हे वाटतं सोपं, पण जहाजाच्या आत वर्षानुवर्षांचा गाळ साचलेला असतो आणि फिन्सचा एक आडवातिडवा फटका बसला की पुढचा हातही दिसत नाही. डोळ्यांवरचा मास्क काढून परत घालणं. दुसऱ्याच्या टाकीतून श्वास घेत वर येणं. डोळे मिटून दोरीवर हात ठेवून बाहेरची वाट धरणं, कारण जहाजात शिरताना दोरी बांधत जायची असते. अडकलेल्या मासेमारीच्या जाळ्यातून कातरीने सुटणं. आणि 'रेस्क्यू' कोर्स, म्हणजे दुसऱ्याला वाचवायचं शिक्षण. मला विचाराल तर सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

खोल जाणारे लोक दोन टाक्या, दोन रेग्युलेटर आणि तीन टॉर्च नेतात. आमच्या क्षेत्रात बॅकअप घेतला असं सगळेच सांगतात, पण त्यातून माहिती परत आणून पाहिली का, असं विचारलं की खोलीत शांतता पसरते. पाण्याखालीही तेच. दुसरा रेग्युलेटर गळ्यात लटकतोय म्हणजे तो आहे असं नाही. अंधारात, हातमोजे घालून तो पाच सेकंदांत तोंडात घेता आला, तर आहे.

40 मीटरच्या पलीकडे 'टेक्निकल' डायव्हिंग सुरू होतं. तिथे साधी हवाच धोक्याची ठरते. 70 मीटरवर दाब आठपट होतो आणि ज्या प्राणवायूवर आपण जगतो त्याचंच प्रमाण आकडी आणू शकेल इतकं वाढतं. म्हणून हेलियम मिसळलेला वायू वापरतात. तो महाग असतो.

इथे एक खरी गोष्ट सांगायला हवी. 1991 मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर, सुमारे 70 मीटर खोलीवर एक जर्मन पाणबुडी सापडली. तिचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. ती 'यू-869' असल्याचं 1997 मध्ये सिद्ध झालं. त्या मधल्या वर्षांत तिने तीन डायव्हरांचे जीव घेतले. त्यातले दोघे बापलेक होते, ख्रिस राऊझ आणि त्याचा मुलगा ख्रिसी. दोघेही नवखे नव्हते, पाण्याखालच्या गुहांमध्ये तयार झालेले कसलेले डायव्हर होते. ऑक्टोबर 1992 मध्ये ते त्या पाणबुडीवर साध्या हवेवर उतरले. आत जड सामान कोसळून मुलगा अडकला. बापाने त्याला सोडवलं. पण त्या गडबडीत वेळ आणि परतीचं गणित दोन्ही हातचं गेलं. टप्प्याटप्प्याने वर यायला हवा तो वेळ न देता दोघे पृष्ठभागावर आले आणि दोघेही वाचले नाहीत.

ही गोष्ट मी कुणाला घाबरवायला सांगत नाही. त्यांच्याकडे हिंमत होती, सरावही होता आणि एकमेकांवर जीव होता. त्या दिवशी मोकळी जागा मात्र उरली नव्हती. वायू योग्य असता तर कदाचित डोकं स्वच्छ राहिलं असतं. अनुभव म्हणजे संकटातून सुटण्याची करामत, असं आपल्याला वाटतं. मला वाटतं, अनुभव म्हणजे संकट आलं तरी पुरेशी हवा, वेळ आणि शुद्ध उरेल इतक्या अलीकडूनच मागे फिरणं.

मागे फिरणं हे वेगळं कौशल्य आहे आणि त्याचं कार्ड मिळत नाही. गोव्यात ग्रँड आयलंडजवळच्या 'सुझीज रेक'वर एकदा आम्ही होडीने गेलो, पाणी गढूळ होतं, आणि आमच्या म्होरक्याने उतरायच्या आधीच नाही म्हटलं. सुट्टी आणि पैसे दोन्ही गेले. होडीत तोंडं लांब झाली. त्यानंतर मी त्याच्याबरोबरच डायव्हिंग करायचं ठरवलं.

आणि खोलीचा हट्ट तरी कशाला? गोव्यात सुंची रीफवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शोधकांना पोर्तुगीज काळातल्या जहाजाच्या तोफा, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात मिळाले, ते अगदी उथळ पाण्यात. बघायची नजर असेल तर पाच मीटरही पुरतात. उलट प्रत्येक जहाज आपल्यासाठी खुलं असतं असंही नाही. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. 9 डिसेंबर 1971 ला दीवजवळ 'आयएनएस खुखरी' कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह गेली, 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक. अशा ठिकाणांना समाधीचा मान द्यायचा. तळावरून काहीही उचलून आणायचं नाही, हा नियम पहिल्या डाइव्हपासूनच पाळायचा.

ज्यांना खरंच सुरुवात करायची आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी. आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या, विशेषतः दमा, कान आणि हृदय. तारकर्लीला महामंडळाची डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे, तिथे किंवा अशाच नीट ठिकाणी तलावातला सराव घाई न करता पूर्ण करा. शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तास विमानात बसू नका, परतीचं तिकीट काढतानाच हे बघा. आणि एक वही ठेवा. खोली, वेळ, किती हवा घेऊन गेलात आणि किती उरली, हे दर वेळी लिहा. पहिली 50 पानं भरेपर्यंत जहाजाच्या आत शिरायचा विषय काढू नका, बाहेरूनच बघा.

आईवडिलांनो, मुलगा किंवा मुलगी डायव्हिंगहून आली की 'किती खोल गेलास' असं विचारू नका. 'किती हवा उरली होती' असं विचारा. दर वेळी आकडा लगेच सांगता आला, तर पुढच्या कोर्सचे पैसे द्यायला हरकत नाही.