चालक नसलेल्या गाडीचा गुन्हेगार कोण?

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गाचे नाव जगभर झाले. या मार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीचे डांबरीकरण सलग १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण झाले आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. त्या विक्रमाचे धनी किती होते! केंद्रीय मंत्री होते, महामार्ग प्राधिकरण होते, कंत्राटदार कंपनी होती, अभियंते होते. त्यात गैर काही नाही. प्रश्न पडतो तो पुढेच. याच रस्त्यावर मूर्तिजापूर किंवा बोरगाव मंजूजवळ उद्या एखादी गाडी कुणाला चिरडून गेली, तर यांपैकी कोण पुढे येईल? प्रथम खबरी अहवालात एकच नाव असेल, चालकाचे. आपल्याकडे श्रेयाला दहा वारस असतात. अपघाताला फक्त चालक असतो.

वऱ्हाडाने हे फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ धडकून उलटली, पेटली आणि २५ प्रवासी जळून मेले. टायर फुटला, असे चालकाचे म्हणणे होते. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालाने ते नाकारले. पुढे त्याच्या रक्तात मद्याचा अंश सापडल्याचे वृत्त आले आणि चर्चा तिथेच थांबली. चालकाचा दोष असेल तर त्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण बस ज्या बाजूवर उलटली त्याच बाजूला तिचे दार होते आणि आतल्या माणसांना बाहेर पडायला वाट उरली नाही, याचा जाब कुणाला विचारायचा? बसची बांधणी कुणी केली, तपासणी कुणी केली, प्रमाणपत्रावर सही कुणाची होती? गुन्हेगार एकदा सापडला की हे प्रश्न आपण विचारत नाही.

आता अशी कल्पना करा, की त्या आसनावर कोणीच बसलेले नाही. गाडी कॅमेरे, रडार आणि संगणक यांच्या आधाराने स्वतःच धावते आहे. अपघात झाला, तर पोलिसांनी पकडायचे कुणाला? अमेरिकेत आणि चीनमध्ये काही शहरांत अशा गाड्या आज भाड्याने मिळतात. आपल्याकडे त्या पूर्ण रूपात आलेल्या नाहीत, अर्ध्या रूपात मात्र येऊन ठेपल्या आहेत. पट्ट्यातून गाडी सरकू न देणारी, पुढच्या वाहनापासून अंतर राखणारी, वेळ पडल्यास स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा असलेल्या मोटारी आपल्या रस्त्यांवर धावत आहेत. जाहिरातीत गाडी स्वतःच सारे सांभाळते. सोबतच्या पुस्तिकेत मात्र लिहिलेले असते, की जबाबदारी सर्वस्वी चालकाची. कौतुक यंत्राचे आणि खटला माणसावर, असा हा सौदा आहे.

या सौद्याचा शेवट कसा होतो, हे अमेरिकेतील ॲरिझोना राज्याने दाखवून दिले. १८ मार्च २०१८ च्या रात्री टेम्पी शहरात उबर कंपनीच्या चाचणीतील स्वयंचलित गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला ठार केले. धडकेच्या पाच सेकंदांहून अधिक आधी यंत्राला ती दिसली होती. पण ती वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही, हे त्याला ठरवता येईना. ठरवून दिलेल्या जागेखेरीज माणूस रस्ता ओलांडू शकतो, हे त्या यंत्राला शिकवलेलेच नव्हते. गाडीच्या मूळ उत्पादकाने बसवलेली आपत्कालीन ब्रेकची सोय चाचणीसाठी बंद केलेली होती. आत देखरेखीला बसलेल्या चालक महिलेचे लक्ष मोबाइलकडे होते. राष्ट्रीय चौकशी मंडळाने तिच्याबरोबर कंपनीच्या ढिसाळ सुरक्षा व्यवस्थेलाही दोष दिला. पण फौजदारी खटला कुणावर झाला? कंपनीवर गुन्हा बनत नाही, असे सरकारी वकिलांनी २०१९ मध्येच सांगून टाकले. २०२३ मध्ये गुन्हा कबूल करून तीन वर्षांची देखरेखीची शिक्षा घेतली ती पगारी चालक महिलेने. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावे, तर संन्यासीही पूर्ण निर्दोष नव्हता. पण बाकीचे सुटले, हे खरेच.

वारे अगदीच एका दिशेचे आहे असे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मायामीच्या ज्युरीने २०१९ मधील एका मृत्यूबद्दल टेस्ला कंपनीला ३३ टक्के जबाबदार धरले आणि दंडात्मक रकमेसह सुमारे २४ कोटी डॉलर भरण्यास सांगितले. बाकीचा दोष चालकाचा मानला. ब्रिटनने २०२४ मध्ये कायदाच केला: मान्यताप्राप्त गाडी स्वतः चालत असेल तेव्हा तिच्या चालण्याचा जाब, ज्या संस्थेने ती रस्त्यावर आणण्याची परवानगी घेतली तिला द्यावा लागेल, आत बसलेल्या माणसाला नव्हे.

आपल्याकडे काय आहे? १९८८ चा मोटार वाहन कायदा परवानाधारक माणूस गाडी चालवतो, हे गृहीत धरूनच लिहिलेला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने काही चांगल्या गोष्टी केल्या. दोष सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाखांची भरपाई मिळण्याची सोय झाली. सदोष गाड्या परत मागवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. रस्त्याची रचना वा बांधणी सदोष ठेवणाऱ्याला दंड आला, पण तो जास्तीत जास्त एक लाखाचा! त्याच वर्षीच्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या दायित्वाचे प्रकरण आहे. पण गाडीखाली सापडलेला पादचारी त्या गाडीचा ग्राहक नसतो.

तरीही आपली न्यायपरंपरा अगदीच रिकाम्या हाताची नाही. २००१ मध्ये कौशनुमा बेगम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे हाच पेच वेगळ्या रूपात आला होता. जीपचा टायर फुटला, ती उलटली आणि रस्त्याने जाणारा एक माणूस मेला. चालकाची हयगय सिद्ध होत नाही म्हणून खालच्या न्यायपीठांनी दावा फेटाळला होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हयगय नसली तरी धोक्याची वस्तू रस्त्यावर आणणाऱ्याला भरपाईतून सुटता येणार नाही. चालकाविना धावणाऱ्या गाडीच्या कायद्याचे बीज याच निकालात आहे.

नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात सांगितले, की चालकांचा रोजगार जाईल म्हणून अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही. चिंता रास्त आहे. पण नकार हे धोरण होत नाही. अर्धी गाडी आधीच आत आली आहे. दुसरीकडे कंपन्या म्हणतील, की एवढी जबाबदारी टाकलीत तर तंत्र येणारच नाही, आणि यंत्र माणसासारखे झोपत नाही, पीत नाही. हेही खरे आहे, म्हणूनच तर त्यांना भीती वाटण्याचे कारण नाही. आपले यंत्र माणसापेक्षा सुरक्षित असल्याची ज्याला खात्री आहे, त्याने त्या खात्रीवर सही करावी. मात्र ती वऱ्हाडातल्या रस्त्यांसाठी करावी. इथे रात्री रोह्यांचा कळप आडवा येतो, कापसाची गाडी दिव्याविना चालते, दुचाकी उलट दिशेने येते आणि माणूस मन मानेल तिथून रस्ता ओलांडतो. टेम्पीच्या यंत्राला जो अपवाद शिकवलेला नव्हता, तो आपल्याकडचा नेम आहे.

म्हणून कायदा आधी हवा, अपघात नंतर. मृताच्या घरच्यांना विमा कंपनीने पहिल्यांदा भरपाई द्यावी. दोष कुणाचा, हे कंपन्यांनी मागाहून आपसांत ठरवावे. अपघाताच्या क्षणी गाडी यंत्र चालवत असेल, तर उत्तरदायी ते यंत्र विकणारा. गाडीतील संगणकाने केलेली नोंद कंपनीच्या कुलपात न राहता तपास अधिकाऱ्याच्या आणि दावा न्यायाधिकरणाच्या हाती पडली पाहिजे. नाहीतर अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या न्यायालयात उभ्या राहिलेल्या विधवेने परदेशातील संगणकाची चूक सिद्ध करायची कशी? आणि जाहिरातीत जे वचन दिले, ते पुस्तिकेतल्या बारीक अक्षरांत मागे घेता येऊ नये.

यंत्राला तुरुंगात घालता येत नाही आणि त्याला पश्चात्तापही होत नाही. म्हणून त्याच्यामागे उभ्या असलेल्या माणसांची नावे कायद्यात आधीच लिहून ठेवली पाहिजेत. विक्रमाच्या दिवशी ज्यांची नावे घेतली जातात, ती सारी नावे अपघाताच्या रात्रीही घेता आली पाहिजेत.