पाचपैकी किती?

गेल्या शनिवारी डहाणू लोकल पकडून वाढवणला आत्याकडे गेलो होतो. आत्या म्हणजे निवृत्त सिस्टर. चहा होईपर्यंत मी माझ्या अप्रेझलचं रडगाणं सुरू केलं. सेल्फ रेटिंगमध्ये चार दिले की मॅनेजर तीन करतो, म्हणून आमच्याकडे सगळेच पाच देतात :)

आत्या म्हणाली, "अरे, आम्हालाही एकदा असा कागद दिला होता. नवीन साथ आली तर तुम्ही किती तयार आहात, एक ते पाच. मी चार लिहिले. त्याच आठवड्यात वॉर्डात हातमोजे मोजून मिळत होते."

तेव्हापासून तो कागद डोक्यातून जात नाहीये. परिचारिकांची तयारी मोजायला जगभर बहुतेक अशाच प्रश्नावल्या वापरतात. त्यातून कळतो तो आत्मविश्वास. पीपीई किट घालण्यापेक्षा काढताना चूक होण्याची भीती जास्त असते, आणि तिथे 'मला येतं' या उत्तराचा काय उपयोग? वाढवण-चिंचणीकडे दागिन्यांचे डाय बनवतात. त्या कारागिराला कोणी आत्मविश्वास विचारत नाही, पत्र्यावर ठसा मारून बघतात. आम्हीही कोड रिलीज करायच्या आधी टेस्ट करतोच की. (निदान करायला हवा!)

एप्रिल २०२०मध्ये केंद्र सरकारने दीक्षा प्लॅटफॉर्मवर कोविडचं ऑनलाइन प्रशिक्षण सुरू केलं. चांगलंच केलं. पण सर्टिफिकेट म्हणजे तयारी नव्हे. त्याच महिन्यात मुंबईतल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात डझनावारी परिचारिकांना लागण झाली आणि अख्खं रुग्णालय सील करावं लागलं. ज्ञानाची परीक्षा घेतली असती तर त्या मुली नक्की पास झाल्या असत्या.

त्याहून जिव्हारी लागते ती केरळची गोष्ट. मे २०१८मध्ये पेराम्ब्राच्या तालुका रुग्णालयात लिनी या सिस्टरने तापाच्या एका रुग्णाची सेवा केली. तो निपाह आहे हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. २१ मेला ती गेली. नवा आजार नाव सांगून येत नाही, आणि आपली प्रश्नावली मात्र नाव घेऊन विचारते: अमुक रोगाची लक्षणं कोणती?

माझ्या मते मोजायचं ते वेगळंच. रात्री दोन वाजता न सांगता एक खोटा रुग्ण पाठवा: ताप, खोकला, नुकताच बोटीवरून उतरलेला. किती मिनिटांत त्याला मास्क मिळतो, वेगळं बसवतात? सिस्टरने फोन कोणाला केला, आणि तो उचलला गेला का? एन-९५चं कपाट उघडं होतं की किल्ली घरी गेलेल्या साहेबांकडे? यातले निम्मे मार्क सिस्टरचे नाहीतच, ते रुग्णालयाचे आहेत. आजवर नापास मात्र तीच होते.

हे सगळं वाढवणला बसून सुचायचं कारण उघड आहे. ३० ऑगस्ट २०२४ला इथल्या बंदराचं भूमिपूजन झालं, खर्च सुमारे ७६ हजार कोटी. मच्छीमारांचा विरोध हा वेगळा आणि मोठा विषय, त्यावर पुन्हा कधीतरी. पण १८९६चा प्लेग मुंबईत शिरला तो बंदरातूनच, असं मानतात. बंदरावर आरोग्य अधिकारी असतील, नियमच आहे तसा. पण ताप चढलेला ट्रक ड्रायव्हर किंवा कंत्राटी मजूर आधी जाणार तो डहाणूच्या नाहीतर कासाच्या सरकारी दवाखान्यात. तिथे रात्रपाळीला असलेल्या सिस्टरची ही चाचणी पहिलं जहाज लागायच्या आधी व्हायला हवी, आणि निकाल तिच्या फाइलमध्ये नाही, तर कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांच्या टेबलावर जायला हवा.