शिळेला मान, लेकीला कुळाबाहेर?

मेघालयातील नार्तियांगचे उभे दगड पुरुषांचे, आडव्या शिळा स्त्रियांच्या. खासी-जैंतिया समाजाच्या स्मारकांत उभा दगड मामाचा, तर आडवी शिळा कुळाच्या आद्यमातेची. आजही तेथे कूळ आईचे, नाव आईचे आणि कुळाचे घर धाकट्या लेकीकडे. ज्यांना लिपी नाही त्यांना इतिहास नाही, असे म्हणणाऱ्यांना या शिळांनीच उत्तर दिले आहे.

या समाजाच्या जमिनीला व रूढींना राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीने संरक्षण दिले. मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते. मात्र त्याच अनुसूचीतील अधिकार वापरून खासी हिल्स स्वायत्त जिल्हा परिषदेने २०१८ साली विधेयक संमत केले. काय, तर बिगर-खासीशी लग्न करणाऱ्या स्त्रीचा खासी दर्जाच काढून घ्यायचा! जमीन बाहेरच्यांच्या घशात जाईल, ही भीती खोटी नाही. पण तिची किंमत बाईनेच का मोजावी? हिंदू कोड बिल रखडले म्हणून १९५१ साली मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांचे आम्ही अनुयायी आहोत. आद्यमातेच्या शिळेला मान आणि जिवंत लेकीला कुळाबाहेरची वाट, हे आम्हाला मान्य नाही.